डाग कोणता आणि दोष कोणता? : पशुप्रदर्शनातील परीक्षणाचा विचार

जत्रेच्या माळावर उजाडू लागते तेव्हा पशुप्रदर्शनाच्या मांडवाभोवती लगबग सुरू झालेली असते. कोणी गायीच्या अंगावरून ओला फडका फिरवीत असतो, कोणी खोंडाच्या शिंगांना तेलाचा हात लावीत असतो, तर कोणी नव्या कासऱ्याचे टोक मुठीत धरून आपल्या जनावराचा क्रमांक केव्हा पुकारला जाईल याची वाट पाहत असतो. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा असो, सातारा जिल्ह्यातील पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा असो, सांगली जिल्ह्यातील खरसुंडीचा सिद्धनाथाचा बाजार असो, की अकोले तालुक्यातील राजूरचे डांगी जनावरांचे प्रदर्शन असो, हे दृश्य थोड्याफार फरकाने सर्वत्र सारखेच असते. अशा प्रसंगी मांडवात आलेल्या जनावरांची वाखाणणी होते आणि ती योग्यही आहे. परंतु जी जनावरे मांडवापर्यंत येतच नाहीत, त्यांचाही विचार झाला पाहिजे.

बहुतेक गावांत अशी एखादी गाय असते, की जिने आपल्या मालकाचा संसार सावरलेला असतो. ती वेळेवर माजावर येते, वेळेवर गाभण राहते, तिच्या चारही सडांतून सारखे दूध येते आणि उन्हाळ्यात चारा कमी पडला तरी ती खंगत नाही. तिच्या कालवडींना आसपासच्या गावांतून मागणी असते. मात्र लहानपणी कुंपणाच्या तारेत अडकून तिचा एक कान फाटलेला असतो, किंवा दुसऱ्या जनावराशी झालेल्या झुंजीत तिच्या शिंगाचे टोक मोडलेले असते. प्रदर्शनाची दवंडी पिटली गेली म्हणजे मालक तिच्याकडे पाहतो आणि म्हणतो, "हिचा कान फाटलेला. हिला कोण पुढे करणार?" गाय गोठ्यातच राहते. तिच्याऐवजी जिने अद्याप एकही वेत पूर्ण केलेले नाही अशी, परंतु अंगावर एकही ओरखडा नसलेली गाय मांडवात उभी राहते. यात एका शेतकऱ्याचे बक्षीस हुकते एवढ्यापुरताच हा प्रश्न नाही. गावाने कोणत्या जनावराची पैदास वाढवावी याचा निर्णय तेथे नकळत होत असतो.

प्रदर्शनाचा मूळ हेतू

२०१९ साली झालेल्या विसाव्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ४० लाख गोवंशीय जनावरे आहेत. खिलार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ, कोकण कपिला आणि कठाणी या राज्यातील गोवंशांची नोंद कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे झालेली आहे. तथापि, नोंद झालेल्या जातींची लक्षणे ज्यांच्यात स्पष्टपणे आढळतात अशी जनावरे एकूण संख्येच्या मानाने थोडीच आहेत. ती कोणाच्या गोठ्यात आहेत, त्यांची वंशावळ काय आणि त्यांच्यापासून पुढील पिढी कशी वाढवावी, हे समजून घेण्याचे एक साधन म्हणून पशुप्रदर्शने भरविली जातात. बक्षीस आणि मानाचा फेटा ही त्या साधनाची आकर्षक बाजू होय. हेतू मात्र निवडीचा आहे.

प्रदर्शनात पहिला आलेला वळू गावी परतला की परिसरातील शेतकरी आपल्या गायी त्याच्याकडे आणू लागतात. त्याच्या गुणांबरोबर त्याचे आनुवंशिक दोषही वासरांत उतरतात. कृत्रिम रेतनाच्या सोयीमुळे तर या निवडीचे महत्त्व अनेक पटींनी वाढले आहे. उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नत्रामध्ये गोठवून ठेवलेले वळूचे रेत वर्षानुवर्षे टिकते आणि एकाच वळूपासून हजारो वासरे जन्मास येऊ शकतात. अशा स्थितीत परीक्षकाची नजर अंगावरील एखाद्या व्रणावर अडकली आणि मागील पायांचा कमकुवतपणा तिच्यातून निसटला, तर त्या चुकीची किंमत पुढील कित्येक वर्षे अनेक शेतकऱ्यांना मोजावी लागते.

जन्मजात काय आणि नंतर आलेले काय

जनावराच्या अंगावरील उणिवांचा विचार करताना पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो, की ही उणीव जन्मजात आहे, की आयुष्यात पुढे केव्हातरी आलेली आहे? मोडलेले शिंग, फाटलेला कान, दाव्याच्या घर्षणाने मानेवर उमटलेला पट्टा, जखम भरून आल्यावर त्या जागी उगवलेले पांढरे केस, शेपटीचा झडलेला गोंडा या सर्व गोष्टी नंतर आलेल्या असतात. त्या वासरात उतरत नाहीत. जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइसमान यांनी १८८० च्या दशकात उंदरांच्या अनेक पिढ्यांच्या शेपट्या कापून पाहिल्या. तरीही प्रत्येक पिढीतील पिले पूर्ण लांबीच्या शेपटीसहच जन्मास आली. खेड्यातील अनुभवही याहून वेगळा नाही. ज्या गायीचे शिंग झुंजीत मोडले, तिला पुढे झालेल्या वासरांना दोन्ही शिंगे येतातच.

याउलट पायांची ठेवण, खुरांचा आकार, कासेची पोटाशी असलेली बांधणी, सडांची जागा व लांबी, जबड्यांचा मेळ, वृषणांची वाढ या गोष्टींत आनुवंशिकतेचा वाटा असतो. खालचा जबडा आखूड असलेल्या जनावराला चरताना त्रास होतो. कास लोंबती असेल तर ती चालताना पायांना घासते, तिला जखमा होतात आणि काससुजीला वाट मिळते. वळूचे एकच वृषण खाली उतरलेले असेल तर तो दिसावयास कितीही रुबाबदार असला तरी पैदाशीस अयोग्य होय. हे दोष दुरून पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाहीत. फाटलेला कान मात्र मांडवाच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसतो. परीक्षणात घोटाळा होतो तो याच कारणाने.

उणिवांचे चार प्रकार

परीक्षक, आयोजक व पशुपालक या तिघांनाही उपयोगी पडावे म्हणून या उणिवांची चार प्रकारांत विभागणी करता येईल.

पहिला प्रकार केवळ दिसण्यातील उणिवांचा. भरून आलेल्या जखमेचा व्रण, कानाची चीर, शिंगाचे मोडके टोक, केसांचा बदललेला रंग यांचा जनावराच्या आरोग्यावर, दुधावर, कामावर किंवा पैदाशीवर कोणताही परिणाम होत नाही. त्यांच्यासाठी गुण कापण्याचे कारण नाही. दोन जनावरे सर्व बाबतींत तंतोतंत सारखी ठरली तरच अशा उणिवेचा विचार शेवटी करावा.

दुसरा प्रकार कार्यक्षमतेस बाधा आणणाऱ्या दोषांचा. कायमचे लंगडणे, निकामी झालेले सड, अतिशय सैल झालेली कास, एकमेकांना घासणारे मागील पायांचे घोटे हे दोष यात येतात. त्यांतील काही अपघाताने आलेले असतात, तर काही जन्मजात असतात. परंतु जनावराच्या उपयुक्ततेवर त्यांचा परिणाम होत असल्याने त्यांचे मोजमाप कठोरपणेच झाले पाहिजे.

तिसरा प्रकार जातिलक्षणांशी विसंगत असलेल्या खुणांचा. लाल कंधारी जातीच्या अंगावर मोठे पांढरे पट्टे असतील किंवा खिलार खोंडाचे कान देवणीसारखे लोंबते असतील, तर ते जनावर निरोगी व उपयुक्त असूनही त्या जातीच्या गटात बसत नाही. अशा जनावराला कमी लेखण्याची गरज नाही; त्याची नोंद योग्य त्या गटात करावी एवढेच.

चौथा प्रकार सर्वांत फसवा आहे. वरवर किरकोळ वाटणारी खूण ही प्रत्यक्षात रोगाचे लक्षण असू शकते. वासराच्या तोंडाभोवती व डोळ्यांभोवती दिसणारे राखाडी गोल चट्टे बहुधा गजकर्णाचे असतात. ते बुरशीमुळे होतात आणि इतर जनावरांना, तसेच माणसांनाही त्यांची लागण होऊ शकते. चामखिळी विषाणुजन्य असून त्याही एका जनावरावरून दुसऱ्यावर जाऊ शकतात. एक शिंग हळूहळू कलू लागले, त्याच बाजूच्या नाकपुडीतून स्राव येऊ लागला आणि जनावर वारंवार डोके झटकू लागले, तर ते शिंगाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. या प्रकारातील जनावराची जागा प्रदर्शनात नसून पशुवैद्यकीय दवाखान्यात आहे. तेव्हा "किरकोळ उणीव चालेल" याचा अर्थ "कोणतीही खूण चालेल" असा मुळीच नव्हे.

कामाच्या खुणा

ओढकामाच्या बैलांच्या बाबतीत एका गोष्टीचा स्वतंत्रपणे उल्लेख करणे आवश्यक आहे. वर्षानुवर्षे जू वाहिलेल्या बैलाच्या मानेवरील कातडी जाड व राठ होते. काही वेळा तेथील केसही विरळ होतात. कठीण फरशीवर बसणाऱ्या जनावराच्या गुडघ्यावर घट्टा पडतो. या खुणा म्हणजे कामाची साक्ष होय. त्यांच्याबद्दल गुण कमी केल्यास ज्याने कधी नांगर ओढला नाही तो बैल नांगर ओढणाऱ्या बैलापेक्षा श्रेष्ठ ठरेल, आणि कामासाठी नावाजलेल्या खिलार किंवा डांगी जातीच्या प्रदर्शनात असा निकाल लागणे विपरीतच म्हटले पाहिजे.

मात्र खांदेसूज, उघडी जखम किंवा पू झालेली गाठ यांची गणना कामाच्या खुणांत करता येणार नाही. जू ओबडधोबड असले, जोडीतील दोन बैलांच्या उंचीत फार तफावत असली, किंवा ओल्या खांद्यावर जू ठेवून काम घेतले, तर खांदा सुजतो. ताजी जखम घेऊन आलेल्या बैलाला मांडवात उभे करू नये. त्याच्यावर उपचार करावेत आणि मालकास जू बदलण्याचा सल्ला द्यावा. जुना घट्टा आणि नवी जखम यांतील फरक ओळखणे हे परीक्षकाच्या अनुभवाचे काम आहे.

काही भागांत जनावर आजारी पडले म्हणजे त्याला तापलेल्या लोखंडाने किंवा बिब्ब्याने डागण्याची प्रथा अजूनही आढळते. अशा डागांबद्दल त्या मुक्या जनावराचे गुण कापणे अन्यायाचे होईल. परंतु डागण्याने रोग बरा होत नाही, उलट उपचाराला उशीर होतो, हे मालकाला त्याच ठिकाणी समजावून सांगण्याची संधी मात्र दवडू नये.

रंगरूपाविषयी गैरसमज

कित्येकदा जातीचे स्वाभाविक लक्षणच उणीव समजले जाते. देवणी जातीत रंगावरून तीन प्रकार मानले जातात. पांढरे अंग आणि काळसर चेहरा असलेला वानेरा, पांढऱ्या अंगाच्या खालच्या भागावर काळे ठिपके असलेला बालंक्या, आणि अंगभर अनियमित काळे ठिपके असलेला शेवरा हे ते तीन प्रकार होत. तिन्ही प्रकार शुद्ध देवणीचेच आहेत. एखाद्या परीक्षकाने ठिपके कमी म्हणून एका गायीला वर आणि ठिपके जास्त म्हणून दुसरीला खाली ठेवले, तर तो निर्णय जातीच्या ज्ञानावर आधारलेला नसून व्यक्तिगत आवडीवर आधारलेला असतो.

खिलार जातीत आटपाडी महाल व म्हसवड या प्रकारांतील जनावरांच्या चेहऱ्यावर करड्या व पांढऱ्या रंगाची चितकबरी छटा दिसते. नवजात खिलार वासराच्या टाळूवर तांबूस रंग असतो आणि तो काही महिन्यांत नाहीसा होतो. लाल कंधारी जातीत गडद तांबड्यापासून तपकिरी रंगापर्यंत छटा आढळतात आणि वळू सामान्यतः गायींपेक्षा गडद असतात. डांगी जातीचे अंग तर काळ्या किंवा तांबड्या ठिपक्यांनी भरलेले असते. सह्याद्रीच्या मुसळधार पावसात हे जनावर टिकून राहते ते त्याच्या त्वचेतून पाझरणाऱ्या तेलकट द्रवामुळे आणि कठीण काळ्या खुरांमुळे. अशा जनावराचे परीक्षण करताना ठिपक्यांच्या मांडणीपेक्षा खुरांकडे व त्वचेकडे अधिक लक्ष देणे उचित होय.

यासोबतच भोवरे आणि गोम यांचाही विचार करणे प्राप्त आहे. अंगावरील केसांचा भोवरा विशिष्ट जागी असला, किंवा केसांची ओळ विशिष्ट दिशेने गेली, की ते जनावर खोडीचे समजले जाते आणि बाजारात त्याची किंमत पडते. वास्तविक गर्भावस्थेत त्वचा व केसांची मुळे तयार होत असताना केस ज्या दिशेने वळतात, त्याची ती खूण असते. अमेरिकेतील पशुशास्त्रज्ञ टेम्पल ग्रँडिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कपाळावरील भोवऱ्याची उंची आणि जनावराचा बुजरेपणा यांत काही संबंध आढळला होता. परंतु तो संबंध स्वभावापुरता आहे. मालकाचे भाग्य, घरातील आजारपण किंवा गायीचे दूध यांच्याशी भोवऱ्याचा संबंध जोडण्यास कोणताही आधार नाही. स्वभाव पाहावयाचा असेल तर परीक्षकाने जनावर चालवून, हाताळून पाहावे. गुणपत्रिकेत भोवऱ्याला स्थान असू नये.

गुणपत्रिकेचा उपयोग

परीक्षकाच्या आवडीनिवडीला आळा घालण्यासाठी गुणपत्रिकेची पद्धत उपयोगी पडते. या पद्धतीत जनावराच्या निरनिराळ्या अंगांना एकूण १०० पैकी ठरावीक गुण दिलेले असतात. अमेरिकेत दुभत्या गायींच्या शुद्ध जातींसाठी सर्व संघटनांची मिळून एक संयुक्त गुणपत्रिका १९४३ मध्ये तयार करण्यात आली आणि त्यानंतर तिच्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या. २००९ च्या सुधारणेनुसार १०० पैकी ४० गुण कासेला, २५ गुण दुग्धोत्पादनाला पोषक अशा शरीरसामर्थ्याला, २० गुण मागील पाय व खुरांना आणि १५ गुण शरीराच्या चौकटीला देण्यात आले. कान, शिंगे व कातडीवरील व्रण यांच्यासाठी वेगळे गुण राखून ठेवलेले नाहीत, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

या गुणपत्रिकेला दोषांची एक यादीही जोडलेली आहे आणि कोणत्या दोषाला किती महत्त्व द्यावे हे तिच्यात सांगितलेले आहे. शिंगे असणे वा नसणे यावरून कोणताही भेदभाव करू नये. कापलेल्या कानाबद्दल किंचित गुण कमी करावेत. मार लागून खुब्याचे हाड दबलेले असल्यास, चालण्यावर परिणाम होत नसेल तर त्याकडे दुर्लक्ष करावे. उपयुक्ततेस बाधा न आणणाऱ्या तात्पुरत्या जखमांबद्दल अगदी अल्प गुण कमी करावेत किंवा मुळीच करू नयेत, असे त्यात नमूद आहे. याउलट कायमचे लंगडणे, निकामी झालेला कासेचा भाग आणि फसवणुकीचा पुरावा या कारणांसाठी जनावर सरळ अपात्र ठरते. अंगावर प्रमाणाबाहेर चढविलेली चरबीही दोषातच गणली जाते.

ही गुणपत्रिका विदेशी दुभत्या जातींसाठी आहे. ती जशीच्या तशी खिलार बैलाला किंवा डांगी वळूला लावणे योग्य होणार नाही. ओढकामाच्या जातींसाठी पाय, खूर, छाती, मान व चाल यांना अधिक गुण असावेत आणि दुहेरी उपयोगाच्या देवणीसाठी कास व शरीरबांधणी या दोहोंचा मेळ घालावा. परंतु तिच्यामागील तत्त्व सर्वत्र लागू पडणारे आहे. प्रत्येक उणिवेचे वजन तिच्या परिणामावरून ठरावे, ती किती ठळकपणे दिसते यावरून ठरू नये.

लपविण्याचा मोह

किरकोळ उणिवेला अवास्तव महत्त्व मिळू लागले की ती झाकण्याचे प्रयत्न सुरू होतात. पांढऱ्या केसांना काळा रंग लावणे, शिंगे प्रमाणाबाहेर साळणे, व्रणावर तेल व काजळी चोळणे असे उपाय केले जातात. कास मोठी दिसावी म्हणून गायीचे दूध वेळेवर न काढता तिला तशीच मांडवात आणण्याचा प्रकार तर त्याहून गंभीर आहे. त्यामुळे गायीला तीव्र वेदना होतात आणि काससुजीचा धोका वाढतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्रीय अधिनियम अशा अनावश्यक यातनांना मनाई करतो. दूध वाढविण्यासाठी जनावराच्या आरोग्यास अपायकारक असे इंजेक्शन देणे हाही त्याच अधिनियमानुसार गुन्हा आहे.

शिंगे साळताना वरचा थर थोडासा घासून गुळगुळीत करणे वेगळे आणि आतील जिवंत भागापर्यंत तासत जाणे वेगळे. शिंगाच्या आत हाड व रक्तवाहिन्या असतात. तेथे इजा झाल्यास रक्तस्राव होतो व जंतूंचा शिरकाव होण्यास वाव मिळतो. ज्या प्रदर्शनात मोडक्या टोकासाठी गुण कापले जात नाहीत, त्या प्रदर्शनात शिंग तासून दोन्ही टोके सारखी करण्याची आवश्यकताच कोणाला वाटणार नाही. आयोजकांनी प्रवेशपत्रिकेत "अंगावरील जुने व्रण व त्यांचे कारण" असा एक रकाना ठेवल्यास मालकाला सत्य सांगण्याची सोय होईल आणि परीक्षकालाही खरी माहिती मिळेल.

लम्पी रोगानंतरची परिस्थिती

या विषयाला अलीकडील काळात नवे महत्त्व आले आहे ते लम्पी चर्मरोगामुळे. भारतात या रोगाची पहिली नोंद २०१९ मध्ये ओडिशात झाली. २०२२ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत त्याचा मोठा प्रादुर्भाव झाला. राज्यात त्या वर्षी जनावरांचे बाजार, शर्यती व प्रदर्शने बंद ठेवावी लागली आणि गोवंशाचे व्यापक प्रमाणावर लसीकरण करण्यात आले. असंख्य पशुपालकांनी रात्री जागून आपली जनावरे वाचविली. ती वाचली, परंतु अनेकांच्या अंगावर गाठींच्या जागी खोलगट व्रण कायमचे राहिले.

अशा जनावराला रूपावरून बाजूला सारणे हा त्याच्यावर आणि ज्याने ते जगविले त्या कुटुंबावर अन्याय होईल. पूर्णपणे बऱ्या झालेल्या व्रणाने दुधात घट येत नाही, की तो वासरात उतरत नाही. मात्र याबाबत सावधगिरीही तितकीच महत्त्वाची आहे. वाळलेल्या खपल्यांमध्ये या रोगाचा विषाणू बराच काळ टिकून राहू शकतो आणि माश्या, डास व गोचीड यांच्याद्वारे रोग पसरतो. म्हणून अंगावर एकही गाठ, खपली किंवा ओली जखम शिल्लक नाही याची खात्री पशुवैद्यकाने केल्यानंतरच असे जनावर आणावे. लसीकरणानंतर पुरेशी प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात; त्या हिशेबाने लस आधीच टोचून घ्यावी. या रोगातून उठलेल्या वळूची प्रजननक्षमता आणि गायीची कास यांचीही तपासणी व्हावी, कारण तेथे झालेला बिघाड कातडीवरील व्रणाप्रमाणे डोळ्यांना दिसत नाही.

पूर्वतयारी

प्रदर्शनाची खरी तयारी महिना दोन महिने आधी सुरू होते. वाढलेली खुरे जाणकाराकडून तीन चार आठवडे आधी कापून घ्यावीत, म्हणजे जनावराला नव्या खुरांवर नीट चालण्याची सवय होते. गोचीड व जंतांचा बंदोबस्त करावा. म्होरकी बांधून, माणसांच्या गर्दीत शांतपणे चालण्याची व उभे राहण्याची सवय दररोज थोडा वेळ लावावी. खुराक वाढवून एकाएकी चरबी चढविण्यापेक्षा नेहमीचा समतोल आहार चालू ठेवावा. दुभत्या गायीचे दूध नेहमीच्या वेळी काढावे आणि तिच्या दुधाच्या व वेतांच्या नोंदी सोबत न्याव्यात. फाटलेल्या कानाचे उत्तर रंगरंगोटीने देता येत नाही. ते या नोंदवहीने देता येते.

सर्वांचा वाटा

हा बदल केवळ परीक्षकांवर सोपवून होणार नाही. प्रदर्शन भरविणाऱ्या जिल्हा परिषद, पंचायत समिती व ग्रामपंचायत यांच्या सदस्यांनी परीक्षणाचे निकष आधीच जाहीर करावेत आणि दवंडीतच स्पष्ट सांगावे, की भरून आलेल्या व्रणांमुळे कोणतेही जनावर नाकारले जाणार नाही. प्रवेशद्वारावर पशुवैद्यकीय तपासणीची व्यवस्था असावी, म्हणजे संसर्गजन्य रोगाचे जनावर आत येणार नाही. निकाल देताना परीक्षकाने प्रत्येक क्रमांकाची कारणे ध्वनिक्षेपकावरून चार वाक्यांत सांगावीत. ती चार वाक्ये ऐकून जमलेले शेतकरी जे शिकतील, ते एखाद्या भाषणातून शिकणार नाहीत.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना प्रदर्शन पाहावयास न्यावे आणि केवळ सजविलेली जनावरे दाखवून परत आणू नये. कोणत्या खुणा जन्मजात आणि कोणत्या नंतरच्या, कोणत्या वासरात उतरतील आणि कोणत्या नाहीत, हे प्रत्यक्ष जनावरासमोर उभे राहून विचारल्यास आनुवंशिकतेचा धडा त्यांच्या कायमचा लक्षात राहील. उद्याचे पशुपालक याच मुलामुलींतून तयार व्हावयाचे आहेत.

पुढील जत्रेची दवंडी पिटली जाईल तेव्हा फाटक्या कानाच्या गायीचा मालक पुन्हा एकदा तिच्याकडे पाहील. त्या वेळी गावच्या सरपंचाने, पशुधन विकास अधिकाऱ्याने किंवा शाळेतील गुरुजींनी त्याला एवढेच सांगावे, की तिचा कान कोणी मोजणार नाही; तिची कास, तिचे पाय आणि तिची वेते मोजली जातील. असे आश्वासन देता येईल आणि मांडवात ते पाळलेही जाईल, तेव्हाच गावोगावच्या गोठ्यांतील खरे पशुधन प्रदर्शनाच्या माळावर येऊ लागेल आणि या उपक्रमामागील पशुसुधारणेचा हेतू साध्य होईल.